मिसिंग

परवा मुलीचा संदेश आला, 'मिस यू बाबा. कधी येणार?' ती पुण्यात, यंदा दहावीला. मी हिमालयात एका ठाण्यावर, ज्याचे नाव अर्थातच इथे लिहिता येणार नाही. आता या उंचीवरही फोनला थोडीफार रेंज असते, म्हणून असे संदेश येतात. मी लेफ्टनंट होतो तेव्हा घरचे पत्र पंधरा-पंधरा दिवसांनी यायचे.

त्याच संध्याकाळी नेहमीप्रमाणे गिनती झाली. गिनती म्हणजे फौजेतली रोजची हजेरी. युद्ध असो, दिवाळी असो, बर्फ पडत असो, गिनती चुकत नाही. सुभेदार साहेबांनी रिपोर्ट दिला : इतके हजर, इतके रजेवर, इतके इस्पितळात, इतके ड्यूटीवर. शेवटी म्हणाले, "कोई मिसिंग नहीं, साहब."

एकाच दिवशी एकच शब्द दोनदा कानावर आला. मुलीच्या संदेशात तो मायेचा होता. सुभेदार साहेबांच्या तोंडी तो नाही म्हणून हायसे वाटले. रात्री बंकरमध्ये बुखारीजवळ बसल्यावर या शब्दाने डोक्यात घर केले. मित्रहो, आजचा लेख या 'मिस' आणि 'मिसिंग'वर आहे. शब्द अगदी साधा, आपल्या मराठीतही कधीच येऊन बसलेला. 'लोकल मिस झाली', 'लेक्चर मिस केले', पोलीस ठाण्यात 'मिसिंग दाखल केली', आणि पुणे-मुंबई द्रुतगती मार्गावरचा 'मिसिंग लिंक'. पण फौजेत हा शब्द लिहिताना पेन जड होते. का, ते सांगतो.

मुळात हा शब्द नेमबाजीचा म्हणावा लागेल. जुन्या इंग्रजीतल्या 'मिसन' या क्रियापदाचा अर्थ होता नेम चुकणे. पुढे काही शतकांत 'हवे ते न मिळणे' हा अर्थ त्याला चिकटला, मग 'एखादी गोष्ट जागेवर नाही हे ध्यानात येणे', आणि पंधराव्या शतकाच्या अखेरीस 'ती नाही म्हणून जीव हुरहुरणे'. म्हणजे माझ्या मुलीच्या संदेशातला अर्थ सर्वांत नंतर आला. 'मिसिंग' हा लष्करी शब्द, म्हणजे लढाईनंतर हजर नाही पण मेला की पकडला गेला हे माहीत नाही असा माणूस, एकोणिसाव्या शतकात रुळला. जाता जाता सांगतो, कुमारी या अर्थाचा 'मिस' वेगळा, तो 'मिस्ट्रेस'चा संक्षेप. आणि 'मिसाइल'चाही याच्याशी संबंध नाही, ते लॅटिनमधल्या 'फेकणे, पाठवणे' या धातूवरून आले. नाहीतर नेम चुकणारे क्षेपणास्त्र कोणी विकत घेतले असते?

नेम चुकण्याचा अर्थ मी खडकवासल्याला एनडीएत शिकलो, तोही सर्वांसमक्ष. फायरिंग रेंजवर गोळी टारगेटला लागली नाही की बट्समध्ये बसलेली पार्टी लाल झेंडी हलवायची आणि उस्ताद आनंदाने ओरडायचे, "वॉशआउट!" माझ्या पहिल्या पाच गोळ्यांपैकी तीन वॉशआउट होत्या. उस्तादांनी त्यानंतर रायफल डोक्यावर धरून रेंजभोवती मला जे पळवले, त्यामुळे हा अर्थ पक्का झाला.

आता मराठीकडे पाहू. इंग्रजी शब्दकोश उघडला तर 'मिसिंग'चे प्रतिशब्द भराभर मिळतात : हरवलेला, बेपत्ता, गहाळ, गायब, परागंदा, फरारी. पण प्रत्येकाची जात निराळी. गहाळ होतात त्या वस्तू, विशेषतः सरकारी कचेरीतल्या फायली. 'गायब' अरबीतून आला, डोळ्यांना न दिसणारा. 'परागंदा' फारसी, मूळ अर्थ विखुरलेला, पण आपल्याकडे देशोधडीला लागून तोंड लपवणारा. 'फरारी' म्हणजे पळालेला, त्याच्या मागे पोलीस असतात. 'बेपत्ता' म्हणजे ज्याचा ठावठिकाणा नाही असा, हिंदीत लापता. वरवर पाहता हा शब्द अगदी निर्दोष आहे, पण तो कसा वापरला जातो ते पुढे येईलच.

खरा जुळणारा मराठी शब्द कोशात सहसा पहिला येत नाही. तो म्हणजे 'चुकणे'. नेम चुकतो. गाडी चुकते. जत्रेत पोर चुकते, रानात वासरू चुकते. चुकला पीर मशिदीत सापडतो. आणि घरातले माणूस लांब गेले की आपल्याला 'चुकल्याचुकल्यासारखे' होते. नेम, गाडी, हरवणे आणि आठवण, इंग्रजी 'मिस'ची चारही दालने आपल्या एका क्रियापदात आहेत. फरक एकच. मराठीत 'चूक' म्हणजे दोषही. त्यामुळे कोणी चुकले म्हटले की लगेच प्रश्न येतो, चूक कोणाची?

फौजेलाही हाच प्रश्न कायद्याने सोडवावा लागतो. बराकीत एक खाट रिकामी आहे. तिला कोणते नाव द्यायचे? रजा न घेता गेला तर 'ॲबसेंट विदाउट लीव्ह', १९५०च्या आर्मी ॲक्टचे कलम ३९. रजेवरून वेळेत परतला नाही तर 'ओव्हरस्टे', तेच कलम. परत यायचाच विचार नसेल तर 'डेझर्टर', जवानांच्या भाषेत भगोडा, कलम ३८. गैरहजेरीचे तीस दिवस भरले की कलम १०६ प्रमाणे कोर्ट ऑफ इन्क्वायरी बसते आणि तो विनापरवाना गैरहजर आहे असे जाहीर करते. या सगळ्या शब्दांत कर्ता तो जवान आहे. गेला तो, आला नाही तो, पळाला तो.

'मिसिंग' यांच्या पंक्तीत बसत नाही. तो ड्यूटीवर होता, जिथे पाठवला तिथे गेला होता, आणि आता तो कुठे आहे हे आम्हाला माहीत नाही. मेला असेल तर शव नाही, कैदेत असेल तर शत्रूने नाव कळवलेले नाही. या शब्दात जवानाविषयी काहीच सांगितलेले नाही. जे सांगितले आहे ते आमच्याविषयी, की आमच्या वहीत त्याच्या नावापुढे लिहायला काही नाही. मला हे समजायला एक प्रसंग लागला.

मी तेव्हा कॅप्टन होतो, नुकताच झालेला. काश्मीरच्या उंच भागात आमची एक तुकडी गस्तीहून परतत असताना वरून हिमस्खलन आले. दोघे वाहून गेले. एक त्याच दुपारी जिवंत सापडला. दुसरा सापडला नाही. तो सातारा जिल्ह्यातला, तेवीस वर्षांचा, अंगाने दणकट, व्हॉलीबॉल उत्तम खेळायचा. दोन दिवस शोधून झाल्यावर वरिष्ठांकडे सिग्नल गेला, त्यात शब्द होता 'मिसिंग'. घरी कळवायचे काम माझ्याकडे आले, कारण त्या वेळी तिथे मराठी बोलणारा अधिकारी मीच होतो.

गावात एका दुकानात फोन होता. दुकानदाराने वडिलांना बोलावून आणले. मी पाठ केल्यासारखे बोललो, "आबा, मी अमुक युनिटमधून कॅप्टन बोलतोय. तुमचा मुलगा परवापासून बेपत्ता आहे."

बराच वेळ पलीकडून काही आवाज नाही. मग ते म्हणाले, "म्हंजे पळून गेला म्हणायचं का सायेब?"

मला घाम फुटला, त्या थंडीत. आबांचे काही चुकले नव्हते. त्यांच्या कानावर हा शब्द कुठून येत असणार? 'कर्ज काढून बेपत्ता', 'पैसे घेऊन बेपत्ता', 'लग्नाच्या आदल्या दिवशी बेपत्ता'. गावात बेपत्ता होणारा माणूस काहीतरी करून गेलेला असतो. मी एका निर्दोष शब्दाने एका बापाला सांगितले होते की तुझा मुलगा पळपुटा आहे.

मी म्हणालो, "नाही आबा. पळाला नाही. तो आमच्याबरोबर कामावर होता, बर्फ कोसळलं, त्यात गेलाय. आम्हाला तो अजून सापडत नाहीये. आम्ही शोधतोय."

"बरं," ते म्हणाले. "शोधा मग." आणि फोन ठेवला.

दोन-तीन दिवसांनी तिकडच्या एका वर्तमानपत्रात दोन ओळींची बातमी आली, 'जवान बेपत्ता'. घरी लोक चौकशीला येऊ लागले, काहींनी नको ते विचारले. हे मला पुढे कळले. एकोणिसाव्या दिवशी, जिथे आम्ही चार वेळा सळया खुपसून पाहिले होते तिथून पन्नास पावलांवर, तो सापडला.

त्यानंतर मी इतिहासात या शब्दाचा माग काढू लागलो. ज्याला जसा वेळ मिळतो तसा. माझ्या वाचनातून एक गोष्ट दिसली. 'मिसिंग' म्हणण्यासाठी आधी मोजावे लागते. ज्याची गिनतीच झाली नाही तो हरवूही शकत नाही.

आपल्या घरातले उदाहरण पानिपत. १४ जानेवारी १७६१. लढाईनंतर दक्षिणेत पोचलेली ती सावकारी सांकेतिक चिठ्ठी आपण सगळे शाळेत शिकलो : दोन मोती गेले, सत्तावीस मोहरा गेल्या, आणि रुपये-खुर्दा किती गेला त्याची गणती नाही. मोती म्हणजे भाऊसाहेब आणि विश्वासराव, मोहरा म्हणजे सरदार. खुर्दा म्हणजे कोण? आम्ही. शिलेदार, बारगीर, पायदळ, बाजारबुणगे. त्या चिठ्ठीत त्यांना 'मिसिंग' हा दर्जाही नाही. महाराष्ट्रातल्या किती घरांत किती वर्षे वाटेकडे डोळे लावून माणसे बसली असतील, त्याची नोंद कुठल्याच दप्तरात नाही.

मोत्यांचे मात्र सगळे नोंदलेले आहे. भाऊसाहेबांचे शव ओळखून अग्नी दिल्याचे एक वृत्त होते, पण पार्वतीबाईंनी ते मानले नाही. त्या शेवटपर्यंत सवाष्ण म्हणून राहिल्या. आणि काही वर्षांनी भाऊसाहेबांचा तोतया उभा राहिला. रत्नागिरीच्या किल्ल्यात कैदेत होता, तिथून सुटला, कोकणातले किल्ले त्याच्या बाजूला गेले, हजारोंची फौज जमली. १७७६ साली त्याला पकडून पुण्यात देहान्त दिला गेला. इतक्या लोकांनी त्याच्यावर विश्वास का ठेवला, याची राजकीय कारणे असतीलच. पण एक साधे कारण मला असे वाटते, की लोकांना भाऊसाहेब परत यायला हवे होते. ज्याचा शेवट कोणी निश्चित पाहिला नाही, त्याच्या जागी उभे राहायला कोणीतरी येतेच.

पुढचा मोठा टप्पा पहिले महायुद्ध. तोफांचा मारा इतका की माणसाचे काही उरत नसे. त्याच वेळी सैन्ये कारकुनी पद्धतीने चालत होती, प्रत्येकाचा नंबर, प्रत्येकाचे वहीत नाव. नाव आहे आणि माणूस नाही, अशी लाखो उदाहरणे प्रथमच तयार झाली. १९१४ साली जिनिव्हात रेड क्रॉसने युद्धकैद्यांची चौकशी करणारी संस्था उघडली, तिथे पुढे सुमारे सत्तर लाख कार्डे साठली. जर्मनांनी या स्थितीला 'फरमिस्ट' म्हटले, इंग्रजीच्याच कुळातला शब्द. फ्रेंचांनी 'दिस्पारू', म्हणजे अदृश्य झालेला. घरी येणाऱ्या तारेत 'मिसिंग' असायचे, किंवा 'मिसिंग, बिलीव्ह्ड किल्ड'.

अशी बातमी एका प्रसिद्ध घरीही आली. रुडयार्ड किपलिंग आपल्या मुंबईत, जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या आवारात १८६५ साली जन्मलेला. साम्राज्याचा भाट म्हणून आपल्याला तो आवडत नाही, ते ठीकच आहे. त्याच्या मुलाची, जॉनची, दृष्टी अधू होती, फौजेने नाकारले होते. बापाने लॉर्ड रॉबर्ट्सकडे शब्द टाकून त्याला आयरिश गार्ड्समध्ये कमिशन मिळवून दिले. सप्टेंबर १९१५ मध्ये लूसच्या लढाईत तो नाहीसा झाला, वय अठरा. किपलिंग दाम्पत्य वर्षानुवर्षे त्याच्या पलटणीतल्या परतलेल्या सैनिकांना गाठून विचारत राहिले. मुलगा सापडला नाही. १९९२ साली एका अनामिक कबरीवर त्याचे नाव लावले गेले, तर त्यावरही अभ्यासकांत वाद झाला. किपलिंग १९१७ पासून वॉर ग्रेव्हज कमिशनचा सदस्य होता. ओळख न पटलेल्या सैनिकांच्या थडग्यांवर कोरलेली ओळ, की याला फक्त देव ओळखतो, ती त्याचीच निवड.

जुलै १९२७ मध्ये बेल्जियममधल्या ईप्र इथे मेनिन गेटचे उद्घाटन झाले. शव न सापडलेल्या चोपन्न हजारांहून अधिक सैनिकांची नावे त्याच्या भिंतींवर आहेत, त्यांत काही हिंदी सैनिकांचीही. फील्ड मार्शल प्लुमर यांनी तिथे जमलेल्या आईबापांना जे सांगितले त्याचा सारांश असा, की तुमचा मुलगा आता मिसिंग नाही, तो इथे आहे. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये फ्रान्समधल्या नव्ह शापेल इथे हिंदी सैनिकांचे स्मारक उघडले. तिथे चार हजार सातशेंहून अधिक नावे आहेत.

इथवर वाचून बरे वाटते. पण आता बसऱ्याला चला. मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, गेलेली सहावी डिव्हिजन ही पूना डिव्हिजन. तिच्यात १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या. कुतच्या वेढ्यात ही डिव्हिजन जवळजवळ पाच महिने अडकली, घोडे मारून खायची वेळ आली, आणि २९ एप्रिल १९१६ रोजी शरण गेली. त्यानंतर कैद्यांना वाळवंटातून चालवत नेले, त्यात आणि कैदेत हजारो मेले. कोण कुठे पडला याचा हिशेब कोणी ठेवला नाही. मेसोपोटेमियात मेलेल्या आणि कबर माहीत नसलेल्या चाळीस हजारांवर लोकांसाठी बसऱ्याचे स्मारक बांधले. गोऱ्या सैनिकांची नावे कोरली, हिंदी अधिकाऱ्यांची नावे कोरली. हिंदी शिपायांचे काय? पलटणीचे नाव आणि पुढे आकडा. अमुक पलटण, आणखी इतके शिपाई.

पानिपतच्या चिठ्ठीतला खुर्दा मला इथे पुन्हा भेटला. या वेळी गणती होती, पण नाव नव्हते. २०२१ साली कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनने स्वतःच्या चौकशीचा अहवाल प्रसिद्ध केला आणि माफी मागितली. त्या अहवालानुसार आशियाई आणि आफ्रिकी सैनिकांपैकी ४५ ते ५४ हजारांचे स्मरण गोऱ्यांच्या बरोबरीने झाले नव्हते, आणि किमान १ लाख १६ हजार जणांचे नावानिशी स्मरण नव्हते, कदाचित मुळीच नव्हते. शंभर वर्षांनी का होईना, चूक कोणाची हे लिहून दिले.

स्वतंत्र भारताच्या फौजेचा अनुभवही या शब्दापासून सुटलेला नाही. १८ नोव्हेंबर १९६२, लडाखमधली रेझांग ला. १३ कुमाऊंची चार्ली कंपनी, सुमारे १२० जवान, मेजर शैतान सिंग कमांडर. लढाईनंतर तिथे कोणी पोचू शकले नाही. जे मोजके वाचून आले त्यांनी सांगितले की सगळे शेवटच्या गोळीपर्यंत लढले. पण एवढे लोक असे लढले, यावर तेव्हा सहज विश्वास बसला नाही. फेब्रुवारी १९६३ मध्ये एका मेंढपाळामुळे शोध लागला. जवान आपापल्या मोर्च्यांत गोठलेले होते, हत्यारे हातात. कोणी कोणाची पाठ दाखवली नव्हती. ते तीन महिने मला नेहमी आठवतात. सत्य बर्फाखाली जसेच्या तसे होते, शंका वर चालू होती.

७ फेब्रुवारी १९६८. हवाई दलाचे एएन-१२ विमान चंदीगडहून लेहला निघाले. आत १०२ जण, बहुतेक रजेवरून ड्यूटीवर परतणारे जवान. हवामान बिघडल्याने वैमानिकाने माघारी वळायचे ठरवले आणि रोहतांगच्या परिसरात संपर्क तुटला. पस्तीस वर्षे काही नाही. २००३ साली गिर्यारोहकांना चंद्रभागा पर्वतरांगेत ढाका हिमनदीवर अवशेष दिसले. मग लष्कराच्या एकामागून एक मोहिमा झाल्या, आमच्या डोगरा स्काउट्सनी यात फार मेहनत घेतली आहे. दर खेपेस हाती फार थोडे लागले. सप्टेंबर २०२४ च्या अखेरीस आणखी चौघे सापडले, छप्पन्न वर्षांनी. खिशांतल्या कागदांनी ओळख पटवायला मदत केली. त्यांतला एक केरळचा, हरवला तेव्हा बावीस वर्षांचा. शवपेटी घरी आली तेव्हा भावंडे म्हातारी झाली होती आणि तो बावीसचाच होता.

आणि १९७१. त्या युद्धात आपण ९३ हजारांच्या आसपास युद्धकैदी घेतले आणि पुढे परत पाठवले. पण आपले काही लोक आले नाहीत. १९६५ आणि १९७१ मिळून ५४ जणांची एक यादी आहे, जे पाकिस्तानच्या कैदेत असावेत असे मानले जाते. पाकिस्तानने हे सतत नाकारले आहे. त्या यादीत फ्लाइट लेफ्टनंट विजय वसंत तांबे हे मराठी नाव आहे. डिसेंबर १९७१ मध्येच एका पाकिस्तानी वर्तमानपत्रात पकडलेल्या भारतीय वैमानिकांत त्यांच्याशी मिळतेजुळते नाव छापून आले होते. त्यांच्या पत्नी दमयंती तांबे, राष्ट्रीय बॅडमिंटन विजेत्या, अर्जुन पुरस्काराच्या मानकरी. लग्नाला तेव्हा दीड वर्ष झाले होते. २००७ साली काही नातेवाइकांना पाकिस्तानातले तुरुंग पाहू दिले, ठोस हाती काही आले नाही. पार्वतीबाई आणि दमयंतीबाई यांच्यामध्ये दोनशे वर्षे आहेत. प्रश्न एकच आहे, आणि तो विचारायला माणूस नाही.

कायद्याने याला एक मुदत घातली आहे. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यातले कलम १०८ : ज्यांना एखाद्याची खबर स्वाभाविकपणे कळायला हवी त्यांना सात वर्षे ती कळली नाही, तर तो जिवंत आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारी तसे म्हणणाऱ्यावर. जुलै २०२४ पासून नवा कायदा आला, त्यातही ही तरतूद आहे. ती असायला हवी, नाहीतर पेन्शन, जमीन, मुलांचे दाखले, सगळेच अडकून पडते. पण हा हिशेब कागदाचा. मनाला सात वर्षांची मुदत ठरवून देता येत नाही.

हवाई दलात 'मिसिंग मॅन' नावाची एक मानवंदना आहे. विमाने बाणासारख्या रचनेत उडतात आणि एका विमानाची जागा मुद्दाम रिकामी ठेवतात. २७ मे २०१९ रोजी भिसियाना तळावर, कारगिलमध्ये कामी आलेल्या स्क्वाड्रन लीडर अजय आहुजांसाठी, खुद्द हवाई दलप्रमुखांनी मिग-२१ मधून ही मानवंदना दिली. मला ती आवडते, कारण तिच्यात कोणी रिकामी जागा भरून काढत नाही. बाकीची विमाने आपापल्या अंतरावर राहतात आणि ती जागा सोबत घेऊन उडतात.

साताऱ्याच्या त्या घरी मी नंतर गेलो. आबा बोलले नाहीत फारसे. आईने चहा दिला, समोर बसल्या आणि एवढेच विचारले, "अंगात कोट होता का रं त्याच्या?" मी म्हणालो, "होता, आई. जाड कोट होता. बटणंही लावलेली होती." त्यांनी मान हलवली. मग आबा म्हणाले, "तुमी शोधतो म्हनला, आन शोधलंत. गावाला मी त्येच सांगितलं."

तेव्हापासून माझा एक नियम आहे आणि माझ्या हाताखालच्या प्रत्येक तरुण अधिकाऱ्याला मी तो सांगतो. सिग्नलमध्ये 'मिसिंग' लिहावेच लागते, लिहा. पण घरी फोन कराल तेव्हा त्याला कर्ता करू नका. 'तो बेपत्ता आहे' म्हणू नका. 'आम्हाला तो अजून सापडलेला नाही, आम्ही शोधतो आहोत' असे म्हणा, तुमच्या भाषेत, त्यांच्या भाषेत, जमेल तसे. आणि म्हटले की मग शोधा.

मुलीला मी उत्तर पाठवले, 'मलाही चुकल्याचुकल्यासारखं होतंय.' मिनिटभरात तिचा संदेश, 'काय चुकलं, बाबा?' मराठी माध्यमात घालायला हवी होती, असे तिची आई पूर्वीपासून म्हणते. तिला समजावून सांगायला बसलो तर हा एवढा लेख झाला. रजा मंजूर झाली की उरलेले समोर बसून सांगीन.

बाहेर बर्फ सुरू झाला आहे. गिनतीची वेळ झाली.

जय हिंद.